एक पेरू, चार जण
(भाकरीतले लोह अंगी लागावे म्हणून)



बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या माणसाला पेरूची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. कुठे उजनीच्या पाण्यावर, कुठे नीरा कालव्यावर, तर जिथे पाणी कमी तिथे शेततळे आणि ठिबकवर पेरूच्या बागा उभ्या आहेत. तेल्या रोगाने डाळिंब काढावे लागलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी त्या जागी पेरू लावला. फळ लिंबाएवढे झाले की त्याला फोमची जाळी आणि वरून प्लास्टिकची पिशवी घालायची, हे काम यंत्राने होत नाही. एकेका फळाला हातानेच पिशवी घालावी लागते. हे काम बहुतेक ठिकाणी रोजाने जाणाऱ्या बाया करतात आणि त्यांत आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणी मोठ्या संख्येने असतात.

दिवसभर हजारो पेरूंना हात लागतो, तो माल क्रेटमध्ये भरून पुण्या-मुंबईला जातो आणि संध्याकाळी घरी येताना आपल्या पिशवीत पेरू असतोच असे नाही. असला तरी तो पोरांच्या हातात जातो, बाईच्या वाट्याला येत नाही. "फळ काय, ते आजारी माणसानं खायचं" असे आपण म्हणून जातो. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्हाला याच सवयीबद्दल बोलायचे आहे. पेरू सगळ्यांनी खावा, पण घरातल्या बाईने आणि वयात आलेल्या मुलीने तो आधी खावा, तोही जेवणाबरोबर. असे का, ते पुढे सविस्तर सांगतो.

अंगात रक्त कमी, म्हणजे काय कमी?

"तिच्या अंगात रक्त नाही", "पोरगी पांढरी पडली" हे शब्द प्रत्येक वस्तीत ऐकू येतात. डॉक्टर याला ॲनिमिया किंवा रक्तक्षय म्हणतात. रक्त अंगात तेवढेच असते, पण त्यातला लाल रंगाचा पदार्थ, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी झालेला असतो. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू हे हिमोग्लोबिन अंगभर पोचवते. ते कमी झाले की थोडे चालले तरी दम लागतो, चक्कर येते, डोके दुखते, कामात लक्ष लागत नाही, संध्याकाळी हातपाय गळून जातात. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग लालसर दिसण्याऐवजी फिकट दिसतो. काही जणींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ही खोड समजून रागावू नका, ते लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते.

हिमोग्लोबिन तयार करायला लोह लागते. बाईच्या अंगातून दर महिन्याला पाळीवाटे लोह जाते, बाळंतपणात आणखी जाते. म्हणून पुरुषापेक्षा बाईला लोह जास्त लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर पाळी सुरू असलेल्या बाईला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. आपल्या घरांत ताटे वाढताना नेमके उलटे होते. बाई शेवटी जेवते आणि उरलेले खाते.

त्याचा परिणाम सरकारी आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींना ॲनिमिया आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांमध्ये तर हे प्रमाण शंभरात ६८ च्या वर होते. म्हणजे विहारात वंदनेला बसलेल्या दहा जणींकडे पाहिले तर त्यांतल्या पाच जणींना हा त्रास असण्याची शक्यता आहे आणि त्यांतल्या बहुतेकींना तो आहे हे माहीतही नसेल.

भाकरीत लोह आहे, मग रक्त का वाढत नाही?

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि तो बरोबर आहे. बाजरीच्या भाकरीत लोह आहे. मटकी, हुलगा, चवळी, हरभरा यांत आहे. माठ, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला यांत आहे. हे सगळे आपण खातो.

अडचण अशी की धान्य, कडधान्य आणि भाजीपाल्यातले लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोहाला धरून ठेवतो. चहात टॅनिन असते, तेही लोहाला धरून ठेवते. अशा आहारात शंभर भाग लोह पोटात गेले तर साधारण आठ भाग रक्तात पोचतात, असे धरून शास्त्रज्ञ हिशेब करतात. बाकीचे शौचावाटे निघून जाते. आपण भाकरी खातो, पण भाकरीतले लोह अंगी लागत नाही.

मटण, कलेजी, मासे, सुकट यांतले लोह मात्र वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर ते लवकर घेते. ताटात थोडे मटण-मासे असले तर सोबतच्या भाकरी-भाजीतले लोहही जास्त शोषले जाते. ज्यांच्या घरी हे शिजते त्यांनी त्यातला वाटा बाईच्या ताटातही पडेल हे पाहावे. गरोदर बाईने कलेजी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी. पण मटण रोज परवडत नाही. रोज परवडेल असे काय आहे? इथे पेरू कामाला येतो.

पेरू काय करतो?

पेरूत लोह फार नसते, हे आधी स्पष्ट करतो. "पेरू खाल्ला की रक्त वाढते" असे कुणी सांगितले तर ते अर्धवट आहे. पेरूत भरपूर असते ते सी जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व पोटात लोहाला अशा रूपात ठेवते की आतड्याला ते सहज घेता येते. फायटेट आणि टॅनिनची पकड त्यामुळे ढिली पडते. थोडक्यात, लोह भाकरीचे आणि ते आत नेणारा पेरू.

हे नुसते पुस्तकी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणासोबत पेरू देऊन पाहिले आणि २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेरूमुळे जेवणातल्या लोहाचे शोषण वाढलेले दिसले. जस्त नावाच्या दुसऱ्या खनिजाचे शोषण मात्र त्याने वाढले नाही. पेरू सगळ्यावरचे औषध नाही, पण लोहाच्या बाबतीत तो मदत करतो.

त्यासाठी एक अट आहे. सी जीवनसत्त्व आणि लोह एकाच वेळी पोटात असायला हवेत. दुपारी बाराला भाकरी खाल्ली आणि पेरू चारला खाल्ला, तर पेरूचे बाकी फायदे मिळतील, पण भाकरीतले लोह तोवर पुढे निघून गेलेले असेल. म्हणून पेरू जेवताना खा, नाहीतर हात धुण्याआधी शेवटचा घास म्हणून खा.

एक पेरू, चार जण

"चार माणसांना रोज चार पेरू आणायचे कुठून?" हा पुढचा प्रश्न. तर चार लागतच नाहीत.

शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त सी जीवनसत्त्व असते. बाईची दिवसाची गरज ६५ आणि पुरुषाची ८० मिलिग्रॅम आहे. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा एक मध्यम पेरू घेतला तर त्याच्या चार फोडींपैकी एका फोडीत एका माणसाची दिवसाची गरज जवळपास भागते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र ११५ मिलिग्रॅम लागते, तिला दोन फोडी द्या. इंदापूरकडे पिशवी घालून वाढवलेला मोठा पेरू मिळाला तर एकाच फळात आणखी माणसे धरता येतील.

सी जीवनसत्त्व शरीर फार साठवून ठेवत नाही, जास्तीचे लघवीवाटे बाहेर जाते. म्हणून बाजाराच्या दिवशी एकदम किलोभर पेरू खाऊन उरलेला आठवडा कोरडा घालवण्यात काही अर्थ नाही. किलोत सहा-सात मध्यम पेरू बसतात. चार माणसांच्या घराला रोज एक याप्रमाणे ते आठवडाभर पुरतात. थोडे कच्चे आणि थोडे पिकलेले असे मिसळून घेतले तर सगळे एकदम पिकून वाया जात नाहीत.

कोणता पेरू घ्यावा?

पेरू मुळात अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला. मराठवाडा-विदर्भात काही ठिकाणी त्याला जांब किंवा जाम म्हणतात. आपल्या भागात सरदार किंवा एल-४९ म्हणून ओळखला जाणारा पांढऱ्या गराचा पेरू जुना आहे. ही जात डॉ. चीमा यांनी १९२७ साली पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळबागेत निवडून काढली. लाल किंवा गुलाबी गराचे ललित आणि तैवान पिंक हे पेरूही आता बाजारात दिसतात.

लाल गराच्या पेरूला भाव जास्त मिळतो. त्यात लायकोपीन नावाचे, टोमॅटोला लाल रंग देणारे द्रव्य असते हे खरे. पण सी जीवनसत्त्व पांढऱ्या आणि लाल पेरूत जवळपास सारखेच असते. तेव्हा जो स्वस्त मिळेल तो घ्या.

बागेत प्रतवारी करताना बारका, वाकडा, सालीवर डाग असलेला माल बाजूला काढतात. सालीवरच्या कोरड्या खरखरीत डागाने आतल्या गराचे काही बिघडत नाही. असा माल मालकाकडून रास्त भावात मिळत असेल तर जरूर घ्या. पण मऊ पडलेला, काळपट ठिपका असलेला किंवा बारीक भोक दिसणारा पेरू कापून पाहिल्याशिवाय तोंडात घालू नका. फळमाशी आत अंडी घालते आणि अळी गरात वाढते. अळी निघाली तर तो पेरू टाकून द्या.

कसा खावा?

साल काढू नका. सालीत आणि सालीलगतच्या गरात सी जीवनसत्त्व जास्त असते. बागेत फवारणी होते, म्हणून पेरू वाहत्या पाण्याखाली, नाहीतर तांब्याने पाणी ओतत हाताने चोळून धुवा आणि मग कापा. हातही धुवा.

आयत्या वेळी कापा. कापून ठेवलेल्या फोडींतले सी जीवनसत्त्व हवेने कमी होत जाते आणि माश्याही बसतात. गाड्यावर उघड्या ठेवलेल्या फोडी घेण्यापेक्षा अख्खा पेरू घ्या. शेतावर किंवा कंपनीत डबा नेत असाल तर भाकरीबरोबर अख्खा, धुतलेला पेरू ठेवा आणि जेवायला बसल्यावर फोडा.

शिजवल्याने सी जीवनसत्त्व कमी होते. पेरूची भाजी चवीला छान लागते, पण लोहासाठी कच्च्या फोडी किंवा कोशिंबीरच बरी. पिकलेला पेरू बारीक चिरून, त्यात शेंगदाण्याचा कूट, मिरची आणि कोथिंबीर घातली की भाकरीबरोबर उत्तम लागते. मीठ बेताने घाला. रक्तदाब असलेल्यांनी पेरूला मीठ-तिखट लावण्याची सवय सोडलेली बरी.

आता चहाबद्दल. सकाळी चहा-चपाती, दुपारी जेवणावर चहा ही आपल्या घरोघरची रीत आहे. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही, कारण ते कुणी ऐकणार नाही. फक्त जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा घेऊ नका. नाहीतर पेरूने केलेले काम चहा बिघडवतो. गुळाचा चहा, कोरा चहा, कॉफी यांनाही हेच लागू आहे.

पेरू मिळत नसेल तेव्हा

बागायतदार छाटणी आणि पाण्याचा ताण देऊन वेगवेगळा बहार धरतात, त्यामुळे आपल्याकडे पेरू वर्षातले बरेच महिने दिसतो. गोडी आणि स्वस्ताई हिवाळ्यात असते. भाव चढला तर आवळा आहे, त्यात सी जीवनसत्त्व पेरूच्या तोडीचे किंवा जास्तच असते. तोही नसेल तर जेवताना भाजीवर, उसळीवर अर्धे लिंबू पिळा. भाजी चुलीवरून उतरवल्यावर लिंबू पिळायचे, शिजताना नाही. कच्ची कैरी, कच्चा कोबी, टोमॅटो, कोथिंबीर यांचाही उपयोग होतो. मटकीला मोड आणले की तिच्यातले फायटेट कमी होते. म्हणून मोडाची उसळ, भाकरी आणि पेरूची फोड किंवा लिंबू हे आपल्या ऐपतीतले चांगले ताट आहे.

आजकाल डेंग्यू झाला की घरात किवी येते. बाहेरून आलेल्या एका किवीच्या पैशात पुष्कळदा अर्धा किलो पेरू येतो आणि पेरूत सी जीवनसत्त्व किवीच्या दुपटीहून जास्त असते. पण फळाने डेंग्यू बरा होतो किंवा पेशी वाढतात असे मानून दवाखाना टाळू नका. तापात पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांची तपासणी हेच महत्त्वाचे. ड्रॅगन फ्रूटचेही आपल्या भागात बरेच नाव झाले आहे. आवडत असेल तर खा, पण सी जीवनसत्त्वात ते पेरूच्या जवळपासही येत नाही.

पोटासाठी आणि साखरेसाठी

पेरूत चोथा भरपूर असतो, शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त. पोट साफ होत नाही म्हणून रोज चूर्ण घेणाऱ्यांनी आधी पेरू आणि पुरेसे पाणी यांचा आधार घेऊन पाहावा. मात्र एका वेळी तीन-चार पेरू खाल्ले तर पोट फुगते, दुखते. कच्चा कडक पेरू जास्त खाल्ल्याने तोच त्रास होतो.

मधुमेह असलेल्या माणसाने पेरू पूर्ण बंद करण्याची गरज नसते. चोथ्यामुळे पेरूची साखर रक्तात हळूहळू उतरते. दिवसाला अर्धा किंवा एक मध्यम पेरू, सालीसकट, चावून खावा. रस काढून, साखर घालून पिऊ नये. साखर खूप वाढलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांनी, पेरू विचारूनच खावा. पेरूत पोटॅशियम असते आणि ते त्यांच्या अंगात साठू शकते.

लोक विचारतात

*पेरूने सर्दी-खोकला होतो का?* सर्दी विषाणूंमुळे होते, पेरूमुळे नाही. पेरूचा हंगाम आणि थंडीचे दिवस एकत्र येतात, त्यातून हा समज झाला असावा.

*बिया अपेंडिक्समध्ये अडकतात का?* बिया पचत नाहीत, पण त्या तशाच शौचावाटे बाहेर पडतात. या भीतीने पेरू टाळण्याचे कारण नाही.

*बाळाला कधीपासून द्यावा?* सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर पिकलेल्या पेरूचा गर गाळणीतून दाबून, बिया काढून चमच्याने द्या. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात कडक फोड देऊन त्यांना खेळायला सोडू नका, ती घशात अडकू शकते. बसवून, पातळ कापून, समोर राहून खाऊ घाला.

*दात नसलेल्या आजी-आजोबांनी काय करावे?* पूर्ण पिकलेला पेरू घ्यावा, किंवा किसून द्यावा.

पेरू गोळीची जागा घेत नाही

एकदा अंगातले लोह खूप उतरले की नुसत्या आहाराने ते भरून येत नाही. त्यासाठी गोळीच लागते आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. ॲनिमियामुक्त भारत ही मोहीम २०१८ पासून चालू आहे. तिच्यात शाळेत आणि अंगणवाडीत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी, गरोदर बाईला रोज एक लाल गोळी निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस द्यायची असते. लहान बाळांसाठी औषध आहे. आशाताईंना विचारा, संकोच करू नका. तो आपला हक्क आहे.

गोळ्या मिळतात, पण पुष्कळ घरांत त्या फळीवर पडून राहतात, कारण मळमळते, शौच काळी होते. काळी शौच हे गोळीचेच लक्षण आहे, त्याने काही अपाय नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या आणि तिच्याबरोबर पेरूची फोड खा किंवा लिंबूपाणी प्या. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. गरोदर बाईला कॅल्शियमची गोळीही देतात. ती आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. जंताची गोळीही वर्षातून दोनदा मुलांना द्यायलाच हवी, कारण पोटात जंत असतील तर त्यांच्यामुळेही रक्त कमी होते.

हिमोग्लोबिन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळते. बाईचे १२ च्या वर आणि गरोदर बाईचे ११ च्या वर हवे. ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, त्याच दिवशी इंदापूर किंवा बारामतीचे सरकारी रुग्णालय गाठा. बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पाळीत अंगावरून फार जात असेल तर त्याचे कारण शोधून उपचार घ्या. "पिशवीच काढून टाका" असा सल्ला मिळाला तर घाई न करता सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

दोन-तीन महिने नेमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. सिकलसेल हा विदर्भात आपल्या समाजात बऱ्याच प्रमाणात आढळणारा आनुवंशिक आजार आहे. तिकडची सोयरीक असलेल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तिथे पेरू किंवा लोहाच्या गोळ्या हा उपाय नाही, उपचार वेगळे असतात.

वस्तीत काय करता येईल?

काही गोष्टी एकेकट्या घराला जड जातात, मिळून केल्या की सोप्या होतात. महिला मंडळाने आठवड्याला एक क्रेट बारका माल थेट बागेतून घेतला आणि वाटून घेतला तर तो बाजारापेक्षा स्वस्त पडू शकतो. बागेत कामाला जाणाऱ्या बायांनीच मालकाशी बोलावे, कारण माल कोणत्या दिवशी उतरतो हे त्यांनाच माहीत असते.

वर्षावासात विहारात रोज माणसे जमतात. त्यातला एक दिवस आशाताई किंवा परिचारिकेला बोलावून सगळ्या बायामुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या, आकडे वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. कार्यक्रमात खिरीबरोबर पेरूच्या फोडी वाटा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाताना तर पेरूचा ऐन हंगाम असतो. वेफर्स आणि फरसाणाच्या पाकिटांऐवजी भाकरी, चटणी आणि पेरू शिदोरीला बांधा. प्रवासात तो टिकतो, तहान भागवतो आणि त्याच्या मागे कचराही राहत नाही.

विहाराच्या आवारात किंवा दारापुढे चार हात जागा असेल तर पेरूचे एक कलम लावा. कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ येऊ लागते. धुण्याभांड्याचे पाणी त्याला पुरते. त्या झाडाचे फळ धुऊन खा, एवढेच.

फळीजवळ चिकटवून ठेवा

- रोज एक पेरू, चार जणांत, जेवणाबरोबर.
- पहिली फोड घरातल्या बाईला आणि वयात आलेल्या मुलीला.
- साल काढायची नाही. धुवायचा, आयत्या वेळी कापायचा.
- जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नाही.
- लोहाची गोळी पेरू किंवा लिंबाबरोबर. चहा-दुधाबरोबर नाही.
- पेरू नसेल तर आवळा किंवा लिंबू.
- वर्षातून निदान एकदा हिमोग्लोबिनची तपासणी.

हे पान घरातल्या पुरुषांनीही वाचावे अशी आमची विनंती आहे. ताट वाढताना फोड कुणाच्या ताटात पडते हे बघायला डॉक्टर लागत नाही. ज्या हातांनी बागेतल्या हजारो फळांना पिशव्या घातल्या, त्या हातात रोज जेवताना एक फोड असावी. त्यासाठी खर्च फार नाही, फक्त घरातली एक सवय बदलायची आहे.